अवघड जागेचे दुखणे

‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे आणि ऐकून हसलोही आहोत. बिचाऱ्या सासूबाईंची झालेली पंचाईत डोळ्यांसमोर येते, हसू येते आणि आपण पुढच्या म्हणीकडे वळतो. पण त्या सासूबाईंचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र कुणी विचारीत नाही. त्यांनी जावयाला दाखविले का? दुसरा डॉक्टर शोधला का? की ते दुखणे पदराखाली झाकून उरलेले आयुष्य काढले? म्हण याविषयी गप्प आहे. मला मात्र त्याचे उत्तर ठाऊक आहे, कारण अशी एक बाई माझ्या घरातच होती. ती माझी आई होय. आणि दुसरी मी स्वतः.

वार्षिकांकासाठी लेख दे, असे मला सांगण्यात आले तेव्हा प्रवासवर्णन लिहावे की आवडत्या लेखकाविषयी लिहावे, याचा मी बराच विचार केला. शेवटी ज्या गोष्टीने माझे एक वर्ष खाल्ले तिच्याविषयीच लिहायचे ठरविले. काही वाचकांना हा विषय या अंकात शोभणारा वाटणार नाही. त्यांना माझी एवढीच विनंती की, लेख पुरता वाचून मग मत बनवावे.

मी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असतानाची गोष्ट. पावसाळा संपत आला होता. घसा सुजला, ताप आला, आणि डॉक्टरांनी पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. ताप गेला. पण आठवडाभरातच मला अशा ठिकाणी खाज सुटली की, ते ठिकाण कुणाला सांगण्याची सोय नव्हती. सोबत दह्याच्या चोथ्यासारखा पांढरा स्राव आणि लघवी करताना आग. वर्गात पाऊण तास एका जागी बसणे मला अशक्य होऊ लागले. गावाहून कारंज्याला येताना एसटीत उभे राहायला मिळाले तर बरे, असे वाटू लागले. मैत्रिणी विचारीत, “तुला झालं तरी काय?” मी म्हणे, “डोकं दुखतंय.” त्या वर्षी माझे डोके फार वेळा दुखले!

चार दिवसांनी आईला सांगितले. ती भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारले, “पांढरं जाते का?” मी हो म्हटले. ती म्हणाली, “बाईच्या जातीले हे चालूच रायते, पोरी. कोनाले सांगू नको.” झाले! रोगाचे निदान, उपचार आणि पथ्य या तिन्ही गोष्टी त्या एका वाक्यात आटोपल्या.

मग घरगुती उपाय सुरू झाले. एका मावशीने तुरटीच्या पाण्याने धुण्यास सांगितले. दुसरीने जंतुनाशकाचे थेंब टाकून धुण्यास सांगितले. त्याने अशी आग झाली की, ती रात्र मी बसून काढली. अंगात उष्णता वाढली म्हणून सब्जा झाला, धने-जिऱ्याचे पाणी झाले. आईने गुरुमंदिरात नवसही बोलला. शेवटी एका औषधाच्या दुकानात जाऊन, दुकानात दुसरे कुणी नाही असे पाहून, मी म्हटले, “खाजेवर काही द्या.” कुठली खाज, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. एक ट्यूब मिळाली. दोन दिवसांत खाज थांबली. मी देवाचे आभार मानले आणि ट्यूब वहीच्या कप्प्यात लपवून ठेवली.

दिवाळीनंतर खाज पुन्हा आली. जानेवारीत पुन्हा. मार्चमध्ये परीक्षेच्या तोंडावर चौथ्यांदा आली, तेव्हा त्या ट्यूबने कातडी पातळ होऊन लाल झाली होती आणि चालणेही नकोसे झाले होते. एका पेपरला मी तीन तासांऐवजी दीड तासात उठून आले. त्या पेपरात मला किती गुण मिळाले ते येथे सांगत नाही. पण इतिहासाचा अभ्यास मी चांगला केला होता, एवढे खरे.

त्या दिवशी घरी जाऊन मी रडले. रडण्याचे खरे कारण मात्र दुखणे नव्हते. माझ्यात काहीतरी घाण आहे, माझ्याच हातून काही चुकले आहे आणि उद्या लग्न ठरले तर काय होईल, असे विचार वर्षभर मनात साठले होते. हे विचार मला कुणी शिकविले? कुणीच नाही. या विषयावर कुणी काही बोलतच नव्हते, आणि त्या न बोलण्यातूनच मी हे सारे शिकले.

शेवटी वडिलांना ‘पोटात दुखते’ असे सांगून आई मला एका डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. आईला मोठी भीती होती ती तपासणीची. मुलीचे लग्न व्हायचे आहे, तपासताना काही ‘होईल’ का? डॉक्टरबाईंनी आधी तिलाच शांतपणे समजावले की, अविवाहित मुलीला आत उपकरण घालून तपासण्याची येथे गरज नाही. बारीक कापसाच्या बोळ्यावर थोडा स्राव घेतला की पुरते. मग माझी परवानगी विचारली. आजवर कुठल्याही डॉक्टरांनी माझी परवानगी विचारल्याचे मला आठवत नाही. तो नमुना काचेवर घेऊन शेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि मलाही बोलावून दाखविला. बारीक धागे आणि त्यांना फुटलेले गोल कोंब, अगदी मोड आलेल्या मटकीसारखे! वर्षभर मी ज्याला पाप, शाप आणि उष्णता समजत होते, ते हे एवढेसे होते. ती एक बुरशी होती.

या बुरशीचे नाव कँडिडा. पाव फुगविण्यासाठी जे यीस्ट वापरतात, त्याच्या दूरच्या नात्यातली ही. निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यांत आणि अनेक निरोगी स्त्रियांच्या योनिमार्गात ती थोड्या प्रमाणात असतेच आणि कुणाला त्रास देत नाही. (हा ‘योनिमार्ग’ शब्द लिहिताना माझा हात थांबला होता, हे कबूल करते. पण हाताला हात आणि पायाला पाय म्हणतो तसेच याही अवयवाला नाव आहे.) तेथे लॅक्टोबॅसिलस नावाचे उपकारक जिवाणू राहतात. आपल्या दह्याचे विरजण लावणारे जिवाणू त्यांच्याच भाऊबंदांपैकी. ते आम्ल तयार करतात आणि इतर जंतूंना वाढू देत नाहीत. आपण घशासाठी अँटिबायोटिक घेतो तेव्हा ते औषध घशातल्या जंतूंबरोबर या राखणदारांनाही मारते. बुरशीवर मात्र अँटिबायोटिकचा काहीच परिणाम होत नाही. राखणदार गेले की तिचे शेत पिकते. गर्भारपणात, मधुमेहात, स्टिरॉइडची औषधे चालू असताना आणि शरीराची प्रतिकारशक्ती कमी झाली असतानाही तिला असेच फावते.

चारपैकी तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. म्हणजे आपल्या वर्गात चाळीस मुली असतील तर त्यातल्या तिसांना तो कधी ना कधी होईल किंवा होऊन गेलाही असेल, आणि त्या तिसांपैकी प्रत्येकीला वाटत असेल की, हे फक्त माझ्याच वाट्याला आले! वर्षात तीन-चार किंवा त्याहून अधिक वेळा झाला तर त्याला डॉक्टर ‘वारंवार होणारा’ म्हणतात. जगभरात दरवर्षी सुमारे १३ कोटी ८० लाख स्त्रियांना असा वारंवार त्रास होतो, असा अंदाज २०१८ साली प्रसिद्ध झाला आहे. तेव्हा मी एकटी नव्हते. माझ्यासारख्यांचे एक मोठे राष्ट्रच होते, पण त्या राष्ट्राला भाषा नव्हती.

येथे दोन गैरसमज दूर करणे मला आवश्यक वाटते. पहिला असा की, हे दुखणे वाईट चालीचे लक्षण आहे. हे साफ खोटे आहे. ते अविवाहित मुलीला होते, विवाहितेला होते, पुजारणीला होते आणि प्राध्यापिकेलाही होते. वैद्यकशास्त्र याची गणना लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगांत करीत नाही. दुसरा गैरसमज असा की, पांढरे जाते म्हणजे हाडे झिजून वाहून जातात. हाडांचा याच्याशी काहीही संबंध नाही. थोडा स्राव प्रत्येक स्त्रीला असतोच. महिन्याच्या मध्यावर तो जास्त, पारदर्शक आणि चिकट होतो. हे निरोगी शरीराचे लक्षण आहे. त्यावर औषध नको आणि त्याची चिंताही नको.

मग औषध कशावर हवे? येथेच सगळी गोम आहे. ‘पांढरे जाणे’ या एका नावाखाली आपण किमान तीन निरनिराळी दुखणी गोळा करतो. बुरशीत खाज फार, स्राव दह्याच्या चोथ्यासारखा आणि बहुधा वासहीन. दुसऱ्या एका विकारात जिवाणूंचा तोल बिघडतो. त्यात स्राव पातळ, करडा आणि त्याला मासळीसारखा वास. तिसरे दुखणे ट्रायकोमोनास नावाच्या एकपेशीय जंतूचे. त्यात स्राव हिरवट-पिवळा, कधी फेसाळ, आणि ते लैंगिक संबंधातून पसरत असल्याने नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते. बुरशीचे औषध वेगळे आणि इतर दोन दुखण्यांचे वेगळे. बुरशीचे औषध त्या दोन्हींवर घेतले किंवा त्यांचे बुरशीवर घेतले, तर उपयोग शून्य. आणि ही लक्षणे वाचून घरच्या घरी निदान करता येईल, असेही समजू नका. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ‘मला बुरशीच झाली आहे’ असे समजून दुकानातून स्वतःच औषध घेणाऱ्या ९५ स्त्रिया तपासल्या. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश स्त्रियांनाच निव्वळ बुरशीचा संसर्ग निघाला. काहींना तर कुठलाच संसर्ग नव्हता. तेथल्या शिकलेल्या, मोकळेपणाने बोलणाऱ्या स्त्रियांची ही गत, तर वहीत ट्यूब लपविणाऱ्या माझी काय कथा?

त्या ट्यूबचेही रहस्य डॉक्टरबाईंनी उलगडून सांगितले. तिच्यात बुरशीचे औषध होते, जिवाणूंचे होते आणि जोडीला स्टिरॉइडही होते. स्टिरॉइडने खाज आणि सूज दोन दिवसांत दबते, म्हणून आपल्याला ‘गुण आला’ असे वाटते. पण ते त्या जागेची प्रतिकारशक्तीही दाबते. बुरशी आत तशीच राहते, बळावते, आणि कातडी मात्र पातळ होत जाते. अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला. नियम झाला, पण लाजेला नियम लागू होत नाही. कुजबुजत औषध मागणारी मुलगी चिठ्ठी कुठून आणणार?

माझ्यावर उपचार झाले ते असे. आधी ठरावीक दिवसांच्या अंतराने फ्लुकोनाझोलच्या तीन गोळ्या, आणि मग सहा महिने दर आठवड्याला एक. दर आठवड्याची ही पद्धत मोठ्या अभ्यासावर आधारलेली आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, सहा महिने गोळी घेणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ९१ टक्के स्त्रिया त्या काळात दुखण्यापासून मुक्त राहिल्या. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ३६ टक्केच. मात्र औषध थांबविल्यावर वर्षाच्या शेवटी मुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ४३ टक्क्यांवर आले. म्हणजे हे दुखणे चिवट आहे. ते परत येऊ शकते, आणि परत आले म्हणजे रुग्णाने काही पाप केले असे नव्हे. पुष्कळ जणींच्या बाबतीत तर ते का परत येते याचे काहीच कारण सापडत नाही. या गोळीचे नाव लिहिले म्हणून कुणी ती परस्पर विकत आणू नये. गर्भवतीने ती घ्यावयाची नसते. तिला योनिमार्गात ठेवण्याच्या क्लोट्रिमाझोलसारख्या गोळ्या देतात. बुरशीच्या काही जाती तर या औषधाला दादच देत नाहीत. म्हणून काचेवरची तपासणी आधी आणि गोळी मागाहून.

आता आईची गोष्ट. मला चिठ्ठी लिहून झाल्यावर डॉक्टरबाईंनी सहज आईकडे पाहिले आणि विचारले, “आणि तुम्हाला काही त्रास?” आई दचकली. म्हणाली, “मले काहून विचारता? पोरीले दाखवाले आली मी.” डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारले. मग आई खाली पाहत, पदराचे टोक बोटाला गुंडाळीत बोलू लागली. लय वर्षे झाली होती. खाज येते, जाते, पुन्हा येते. रात्री तीन-चारदा लघवीला उठावे लागते. तहान फार लागते. पायाची जखम लवकर भरत नाही. मी शेजारी बसून ऐकत होते. एकाच खोलीत झोपणारी, एकाच ताटात जेवणारी माझी आई. आणि हे मला काहीच ठाऊक नव्हते.

त्याच दिवशी तिचे रक्त तपासले. साखर कितीतरी वाढलेली होती. मधुमेह! वारंवार होणारा बुरशीचा संसर्ग हे कित्येकदा मधुमेहाने घरात शिरताना वाजविलेले दार असते. आईचे दार कित्येक वर्षे वाजत होते आणि ‘बाईच्या जातीले हे चालूच रायते’ असे म्हणून तिने कडी लावून घेतली होती. तिच्या आईनेही तिला हेच सांगितले असणार. आज आई मधुमेहाची गोळी घेते, रोज पहाटे चालायला जाते, आणि साखर ताब्यात आल्यापासून तिची खाजही थांबली आहे. पण त्या गेलेल्या वर्षांत तिच्या डोळ्यांवर आणि मूत्रपिंडावर किती ताण पडला असेल, हा विचार मनात आला की मला झोप लागत नाही. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे आपण म्हणतो. आमच्या घरी ती मूठ उघडली, तेव्हा आत सव्वा लाख नव्हते. मधुमेह होता.

ही एका घराची कथा आहे, असे कुणी म्हणेल. तर मग आपल्याच विदर्भातल्या गडचिरोलीचे उदाहरण घ्या. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग आढळले. सरासरीने प्रत्येकीला ३.६ रोग होते, आणि त्यातला निम्मा वाटा निरनिराळ्या संसर्गांचा होता. यापूर्वी तपासणी आणि उपचार झालेल्या स्त्रिया किती? अवघ्या ८ टक्के! ते सगळे संसर्ग बुरशीचेच नव्हते, हे खरे. पण ९२ आणि ८ या दोन आकड्यांच्या मध्ये जी पोकळी आहे ती कशाने भरली आहे? गरिबीने आणि दवाखान्याच्या अंतराने तर खरीच. पण माझ्या आईच्या ‘कोनाले सांगू नको’ या वाक्यानेही. त्या अभ्यासापूर्वी ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच समजले जात असे. कुणीतरी जाऊन विचारले, म्हणून हे जगाला कळले.

काही जण म्हणतील, ठीक आहे, पण हे दवाखान्यात बोलावे. कला शाखेच्या वार्षिकांकात कशाला? आपण मराठीचे विद्यार्थी आहोत, म्हणून त्यांना मी मराठीच्या इतिहासातूनच उत्तर देते. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालविले. ज्या प्रश्नांची उत्तरे लोकांना घरी, शाळेत, देवळात मिळत नव्हती, ते प्रश्न वाचक त्यांना पत्राने विचारीत आणि ते छापील उत्तर देत. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले होते. तो खटला कर्वे हरले, मासिक मात्र थांबले नाही. त्याच्याही आधी, १८८३ साली, अमेरिकेला निघण्यापूर्वी आनंदीबाई जोशी यांनी श्रीरामपूर येथे, म्हणजे बंगालमधल्या श्रीरामपुरात, जाहीर भाषण करून या देशाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे हे ठासून सांगितले होते. एका मराठी मुलीने एवढ्या वर्षांपूर्वी जे भरसभेत सांगितले, ते आज मी एका छापील पानावर सांगू नये?

या संदर्भात आणखी दोन स्त्रियांची नावे मला येथे घ्यावीशी वाटतात. एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून बुरशीवरचे निस्टॅटिन हे औषध शोधून १९५० साली जाहीर केले. एक न्यूयॉर्क शहरात राहत होती, दुसरी ऑल्बनीत, आणि नमुन्यांच्या बरण्या त्या एकमेकींना पोस्टाने पाठवीत! औषधाला नाव दिले ते न्यूयॉर्क राज्याचे, आणि त्याच्या स्वामित्वहक्काचे लाखो डॉलर त्यांनी विज्ञानाच्या संशोधनाला देऊन टाकले. अनोळखी स्त्रियांच्या दुखण्यासाठी दोघी बायांनी बरण्या इतक्या दूर पोचविल्या. आपल्याकडे मात्र एवढीशी माहिती आईकडून लेकीकडे, चुलीपासून उंबरठ्यापर्यंत पोचत नाही.

आता उपदेश थोडक्यात. तोही माझा नव्हे. डॉक्टरबाईंनी आम्हा मायलेकींना सांगितलेला. योनिमार्ग आतून धुवायचा नाही. साबण, तुरटी, जंतुनाशक, लिंबू, लसूण, दही यांतले काहीही तेथे लावायचे नाही. बाहेरून साधे पाणी पुरे. (दही खावे, ते पौष्टिक आहे, पण त्याने हे दुखणे बरे होते याला भक्कम पुरावा नाही.) आतले कपडे सुती आणि सैल असावेत. घामाने किंवा पाण्याने ओले झालेले कपडे अंगावर वाळवू नयेत. सर्दी-पडशाला स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नये. आणि डॉक्टरांनी दिले तर ‘मला आधी असा त्रास झाला होता’ हे त्यांना सांगावे. वारंवार त्रास असेल तर रक्तातली साखर तपासावी. औषध सुरू केले तर खाज थांबली म्हणून मध्येच सोडू नये.

सुती कपड्यांचे ऐकून मला आपल्या गावाचे नवल वाटले. कारंजा ही कापसाची जुनी बाजारपेठ. हा कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजांच्या काळी मूर्तिजापूर–यवतमाळ ही छोटी रेल्वे आपल्या गावावरून टाकली गेली. आणि त्याच गावात वैशाखाच्या उन्हात आम्ही मुली नायलॉनचे घट्ट कपडे घालून एसटीत घामाघूम होत बसतो! दुसरी गोष्ट वाळत घालण्याची. आपल्या घरी मुलींचे आतले कपडे कुठे वाळतात ते जरा आठवा. दोरीच्या मागच्या बाजूला, टॉवेलच्या किंवा साडीच्या खाली, नाहीतर न्हाणीघराच्या अंधाऱ्या खुंटीवर. भावाची बनियन भर अंगणात ऊन खाते आणि आमचे कपडे पावसाळाभर दमट राहतात. मग तेच दमट कपडे आम्ही अंगात घालतो. आता आमच्या घरी ते उन्हात वाळतात. पहिल्या दिवशी वडिलांनी मान फिरविली. दुसऱ्या दिवशी त्यांनीच पाऊस आला म्हणून दोरीवरचे सगळे कपडे गोळा करून आणले.

आपल्या महाविद्यालयाकडे माझ्या तीनच मागण्या आहेत. दरवर्षी एकदा एखाद्या डॉक्टरबाईंचे व्याख्यान व्हावे आणि प्रश्न विचारण्यासाठी बंद पेटी ठेवावी, म्हणजे नाव न सांगता विचारता येईल. मुलींच्या कक्षात नळाला पाणी, दाराला कडी आणि झाकणाची कचरापेटी या तीन गोष्टी बाराही महिने असाव्यात. आणि शासनाच्या ज्या सोयी आहेत त्यांची माहिती फलकावर लागावी. किशोरवयीनांसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला. एड्स नियंत्रण कार्यक्रमात ‘सुरक्षा क्लिनिक’ असतात; तेथे अशा तक्रारींवर औषधांची रंगीत पाकिटे मोफत मिळतात आणि पांढऱ्या स्रावासाठीचे पाकीट हिरव्या रंगाचे असते. किती जणींना हे माहीत आहे? मला बी. ए. च्या दुसऱ्या वर्षापर्यंत माहीत नव्हते.

आणि हे व्याख्यान मुलांनीही ऐकावे, असा माझा आग्रह आहे. वर्गमित्रहो, तुमच्यापैकी कुणी उद्या औषधाचे दुकान काढेल. कुणी शिक्षक होईल, कुणी ग्रामसेवक. बहुतेक सगळे नवरे आणि बाप होतील. बहिणीला दवाखान्यात न्यायला मोटारसायकल तुम्हीच काढता, आणि ‘काय झालं?’ हे तुम्हीच विचारता. त्या प्रश्नाचे खरे उत्तर ऐकण्याची तयारी तुम्ही ठेवली, तर ‘पोटात दुखते’ हे खोटे बोलण्याची वेळ कुणा आईवर येणार नाही.

या लेखाखाली माझे नाव नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात येईलच. एवढे सगळे बोलून शेवटी नाव झाकले ना, असे कुणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. लेख मी आईला वाचून दाखविला. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “लिवलं ते खरं आहे. छापाले दे. पन नाव नको टाकू.” मी तिचे ऐकले आहे. कित्येक वर्षे ‘कोनाले सांगू नको’ म्हणणारी माझी आई ‘छापाले दे’ म्हणाली, हेच माझ्यासाठी पुष्कळ आहे. नावाचे पुढच्या वर्षी पाहू. माझे नसेल तर दुसऱ्या कुणा मुलीचे असेल. तोपर्यंत आज घरी गेल्यावर प्रत्येकीने आपल्या आईला एवढेच विचारावे : “आई, तुला काही त्रास आहे का?” आणि ती ‘नाही’ म्हणाली, तर पुन्हा एकदा विचारावे.

— एक विद्यार्थिनी, बी. ए. अंतिम वर्ष